कशेळीच्या सड्यावर

रथसप्तमीच्या उत्सवास कशेळीला जाण्याचा आमच्या घराचा परिपाठ फार जुना आहे. वडील होते तोंवर बैलगाडीनें, पुढें एस्. टी. नें, आणि आतां पुतण्याच्या मोटारींतून. परंतु माघ शुद्ध सप्तमीस कनकादित्याच्या दर्शनाला घरांतील एक तरी माणूस गेलें नाहीं असें वर्ष मला आठवत नाहीं. इतक्या वेळां मी त्या गांवीं गेलों, सभामंडपांत कीर्तनें ऐकलीं, प्रसाद घेतला आणि परत फिरलों. त्याच गांवच्या सड्यावर आपल्या देशांतील अतिविशाल कातळचित्रांपैकीं एक उघड्यावर पडलेलें आहे, हें मात्र मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, तेंही घरांतील एका पोराकडून कळावें, ही गोष्ट मी येथें प्रथमच सांगून टाकतों. पुढें जें लिहावयाचें आहे त्यांत माझ्या डोळसपणाविषयीं वाचकांचा गैरसमज होऊं नये.

हें पोर म्हणजे माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा. तो पुण्यास असतो. जमिनीची मोजणी करून संगणकावर तिचे नकाशे उतरविणें हा त्याचा पोटाचा व्यवसाय. आणि सुटी मिळाली कीं पाठीवर पिशवी टाकून डोंगर, गुहा, कातळ पालथे घालणें हा त्याचा छंद. 'लग्नाचें बोलावें तर हा दगडांचें बोलतो,' अशी त्याच्या आईची तक्रार आहे, आणि मीही त्या छंदाकडे फार कौतुकानें पाहत होतों असें नाहीं. या खेपेस तो उत्सवाच्या आदल्या दिवशीं घरीं आला व मला एवढेंच म्हणाला, "काका, उद्यां दर्शन झाल्यावर सबंध दिवस माझ्यासाठीं ठेवा, रात्रीं उशीर होईल." आमच्या मंडळींनीं दशम्या, सुकी चटणी आणि आगळाच्या सरबताची बाटली बांधून दिली, आणि पहाटेस आम्ही निघालों.

आडिवऱ्याच्या महाकालीला नमस्कार करून कशेळीस पोंचलों तों सूर्य वर आला होता. देवदर्शन यथासांग झालें. या देवस्थानाविषयीं एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमीं सांगत असें. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके 1113 चा, म्हणजे इसवी सन 1191 चा, कशेळीसंबंधींचा ताम्रपट उपलब्ध आहे. राजाचें नांव, दानाचा हेतु, शकाचा आंकडा, सर्व कांहीं त्यावर खोदलेलें! आठशें वर्षांपूर्वींचा माणूस आपल्याशीं संस्कृतांत स्पष्ट बोलतो, याचें मला लहानपणापासून अपूर्व वाटत आलें आहे. वडिलांनीं अमरकोश आणि रघुवंश पाठ करून घेतला, 1974 सालीं मॅट्रिक झालों, पुढें छत्तीस वर्षें शाळेंत शिकविलें. या साऱ्या काळांत 'जुनें' म्हणजे ज्याच्यावर अक्षर आहे तें, अशीच माझी समजूत होती.

कोंकणाबाहेरील वाचकांसाठीं सडा म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. आमचे डोंगर माथ्यावर सपाट असतात. त्या माथ्यावर माती नाहींच म्हटलें तरी चालेल. कोसच्या कोस जांभा दगडाचा उघडा कातळ. हा दगड पोटांत तांबडा असतो, पण ऊन-पावसानें वरून काळा पडतो. पावसाळ्यांत त्यावर गवत आणि रानफुलें अशीं माजतात कीं गालिचा अंथरावा. दिवाळी सरली कीं गवत वाळतें, आणि शिमग्यापर्यंत तोच सडा तापलेल्या तव्यासारखा होतो. गुरें चारावीं, गवत कापावें, आणि घराला चिरा लागला तर खाण घालावी, एवढाच काय तो सड्याचा उपयोग आम्हांला ठाऊक.

मोटार थांबवून थोडें चालत गेल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, चपला काढा." मीं काढल्या. मग चहूंकडे पाहिलें. काळा, खडबडीत, भेगाळलेला कातळ. दुसरें कांहीं नाहीं. ऊन डोक्यावर येत होतें आणि पाय पोळत होते. "अरे, हत्ती कोठें आहे?" मीं विचारलें. तो म्हणाला, "तुम्ही त्याच्या पायाशींच उभे आहां."

वाचकहो, मला खरोखर कांहीं दिसत नव्हतें. त्यानें बोट दाखविलें तेव्हां दोन बोटें रुंद अशी एक उथळ खोबण दिसली. ती थोडी पुढें जाऊन कातळाच्या भेगांत मिसळून गेली. शिक्षकाच्या खिशांत निवृत्तीनंतरही खडू सांपडतो. हा एक रोगच आहे. मीं खडू काढला आणि ती खोबण भरून रेषा स्पष्ट करावी म्हणून खालीं वांकलों. तोंच, ज्या पोरानें मला आजवर कधीं उलट उत्तर दिलें नाहीं, त्यानें माझा हात धरला. "काका, खडू नको!"

मला रागच आला. त्यानें मग समजावून सांगितलें. पूर्वींचे पुष्कळ शोधक असेंच करीत. जुन्या पुस्तकांतून खडूनें किंवा चुन्यानें भरलेल्या पांढऱ्याशुभ्र आकृतींचीं छायाचित्रें आढळतात. त्यांत दोन दोष. एक, ती भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते आणि मूळ पृष्ठभाग कायमचा बिघडतो. दुसरा दोष मला अधिक लागला. खडू ओढणारा स्वतःला जें दिसतें तेंच ओढतो. एकदां पांढरी रेषा उमटली कीं मागून येणाऱ्या प्रत्येकाला तीच दिसते, आणि न ओढलेली रेषा कोणालाच दिसत नाहीं. फळ्यावर छत्तीस वर्षें मीं दुसरें काय केलें, असा एक विचार मनांत येऊन गेला. तो मीं त्याला बोलून दाखविला नाहीं. खडू खिशांत परत टाकला.

दुपारचें ऊन अशा कामास निरुपयोगी. सूर्य माथ्यावर असतां खोबणींत सांवली पडत नाहीं, आणि सांवली नाहीं तर आकृति नाहीं. म्हणून कडेच्या एका काजूखालीं आम्ही दशम्या खाल्ल्या आणि ऊन कलण्याची वाट पाहत बसलों. त्या तीन-चार तासांत त्यानें मला जें सांगितलें, तें एखाद्या वर्गांत मुकाट्यानें बसून ऐकावें तसें मीं ऐकलें.

माणसानें शेती करण्यापूर्वीं काढलेलीं चित्रें आपल्या देशांत प्रथम इंग्रज अधिकारी कार्लाइल यानें 1867-68 सालीं मिर्झापूरच्या बाजूस पाहिलीं. पण त्यांचें महत्त्व तेव्हां कोणास पटलें नाहीं. भोपाळजवळील भीमबेटका तर आपल्याच माणसानें उजेडांत आणलें. विष्णु श्रीधर वाकणकर हे 1957 सालीं आगगाडीनें जात असतां त्यांना खिडकींतून ते खडक दिसले, आणि मग त्यांनीं पायीं जाऊन तीं चित्रें शोधून काढलीं. वाकणकर स्वतः चित्रकार होते. खडकांवरील चित्रांच्या प्रतिकृति हातानें काढून ठेवण्यांत त्यांनीं जन्म घालविला. 2003 सालीं भीमबेटका जागतिक वारशांत गेलें.

माझा पुतण्या तेथें दोनदां जाऊन आला आहे. तेथील चित्रें रंगविलेलीं आहेत, आणि रंग विटत चालला आहे. अशा विटलेल्या रंगासाठीं जॉन हार्मन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें 2005 सालीं 'डी-स्ट्रेच' नांवाची एक संगणकीय युक्ति काढली. खडकाचा रंग आणि गेरूचा रंग यांतील फरक डोळ्याला कळेनासा झालेला असतो. पण आंकड्यांत तो शिल्लक असतो, आणि ही युक्ति तो फरक ताणून मोठा करते. मूळ विद्या उपग्रहांनीं घेतलेल्या पृथ्वीच्या छायाचित्रांसाठीं होती. त्यानें मला आपल्या यंत्राच्या पडद्यावर एक कोरा वाटणारा खडक दाखविला आणि मग त्याच खडकावर हरणांचा कळपच्या कळप! मात्र तीं हरणें जांभळीं आणि भोंवतालचा खडक पिंवळा. "हे रंग खोटे आहेत, काका," तो लगेच म्हणाला. "आकार खरा, रंग खोटा, हें प्रत्येक चित्राखालीं लिहावें लागतें." असें लिहिण्याची त्याची सवय मला आवडली.

फ्रान्स देशांतील लास्को येथील गुहा 1940 सालीं सांपडली. लोकांनीं गर्दी केली. त्यांच्या श्वासोच्छ्वासानेंच चित्रांवर बुरशी चढूं लागली, आणि 1963 सालीं ती बंद करावी लागली. आतां तेथील लोकांना हुबेहूब प्रतिकृति दाखवितात. 2016 सालीं उघडलेली प्रतिकृति संगणकीय मोजणीवरून केलेली आहे. मीं म्हटलें, "यांत नवें काय? आपल्याकडे मूळ मूर्ति गाभाऱ्यांत असते आणि पालखींत उत्सवमूर्ति मिरविते." तो हंसला. थोड्या वेळानें म्हणाला, "पण गाभारा शाबूत आहे म्हणून पालखी निघते ना?"

चार वाजून गेले. पश्चिमेकडून ऊन आडवें येऊं लागलें, आणि माझ्या डोळ्यांदेखत कातळ बदलूं लागला. आधीं एक कमान उमटली, ती पाठीची. मग खांबासारखे पाय, मग सोंड. पाहतां पाहतां एक हत्ती जमिनींतून वर आल्यासारखा उघडा झाला. आमच्या देवळांतील कनकादित्य हा सूर्य, आणि त्याच्याच तिरप्या किरणांनीं हा हत्ती प्रकट व्हावा, या योगाचें मला जें वाटलें तें वाटलें. त्यावर मी अधिक लिहीत नाहीं. हत्ती सुमारें 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे. आमचें माजघर, ओटी आणि पडवी मिळून त्याच्या पोटांत सहज मावेल. आणि पोट रिकामें नाहीं! आंत आणि भोंवतीं लहानमोठे प्राणी कोरलेले आहेत. कांहीं रानांतले, कांहीं समुद्रांतले. एवढी मोठी रेषा काढणाऱ्याला स्वतःला ती एका दृष्टीक्षेपांत कधींच दिसली नसेल. उंचावरून पाहण्याचें साधन नसतां प्रमाण कसें सांभाळलें असेल?

कामास आरंभ झाला. प्रथम मऊ केरसुणीनें धूळ झाडली. लोखंडी घांसणी नाहीं, पाणी नाहीं. मग काळ्या-पांढऱ्या खुणांच्या मोजकांड्या कडेला मांडल्या. परवानगी काढून आणलेलें तें उडतें यंत्र, ज्यास ड्रोन म्हणतात, तें भिरभिरत वर गेलें तशी एक टिटवी ओरडत उठली. त्यानें तें ताबडतोब खालीं घेतलें आणि पक्षी शांत होईपर्यंत थांबला. मग वरून आणि खालून, रांगेनें, शेंकडों छायाचित्रें. प्रत्येक चित्रांत मागच्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग पुनः आला पाहिजे हा नियम.

कशासाठीं, तें मुलांना सांगतों तसें सांगतों. अंगठा डोळ्यांसमोर धरा. एकदां उजवा डोळा मिटा, एकदां डावा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखा दिसतो. वस्तु जितकी जवळ, तितकी अधिक सरकते. त्या सरकण्यावरूनच आपलें मन खोली ओळखतें. संगणक हेंच करतो, मात्र त्याला दोन डोळ्यांऐवजीं शेंकडों डोळे असतात. एकच खडा अनेक चित्रांतून कोठें कोठें सरकला हें पाहून तो त्या खड्याची जागा ठरवितो. असे कोट्यवधि बिंदु मिळाले कीं कातळाची सोलीव प्रतिमा तयार होते. ती फिरवितां येते, मोजतां येते, आणि दहा वर्षांनीं पुनः तसेंच काम केलें तर खोबण किती झिजली हेंही कळतें. हाताच्या चित्रांत ही शेवटची सोय नाहीं.

रात्रीचें काम मला अधिक आवडलें, कारण त्यांत मला हात लावतां आला. हत्तीच्या बाजूस एक लहानशी आकृति होती, दिवसा तर्क चालेना अशी. कॅमेरा तिच्यावर अचल उभा केला. शेजारीं दोन काळ्या, चकचकीत गोट्या ठेवल्या. पुतण्यानें माझ्या हातांत दिवा दिला आणि दिव्याला एक दोरी बांधली. दोरीचें दुसरें टोंक तो आकृतीच्या वर, मधोमध, पण दगडाला न लावतां, धरी. दोरी ताणली जाईल इतक्या अंतरावर मी दिवा धरावयाचा. तो "थांबा" म्हणाला कीं थांबावयाचें. कॅमेरा टिचकी वाजवी. मग एक पाऊल पुढें. कधीं दिवा उंच, कधीं जमिनीलगत. अंधारांत, अनवाणी, दिवा हातांत घेऊन मी त्या आकृतीभोंवतीं फिरत होतों. देवळांत आज सकाळीं झालेली आरती आणि ही, यांत मला त्या वेळीं फार अंतर वाटलें नाहीं. गोट्यांत दिव्याचा ठिपका उमटतो, त्यावरून दिवा कोणत्या दिशेस होता हें संगणकाला समजतें. नंतर पडद्यावर बोट फिरवावें तसा उजेड फिरतो. जो दिवा प्रत्यक्षांत मीं धरलाच नाहीं त्या दिशेचाही उजेड पाडतां येतो.

मोटारींत बसून त्यानें मला तें दाखविलें. त्याच्या बोटाखालीं उजेड डावीकडून उजवीकडे सरकला आणि त्या अस्पष्ट आकृतींतून एक मासा वर आला. पाठीचा पर, कल्ला, शेपटी.

मी बोललों नाहीं. त्याला वाटलें काका थकले. आडिवरें मागें पडल्यावर मीं त्याला विचारलें, "अशीं किती आहेत रे?" तो सांगूं लागला. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनीं गेल्या दहा-बारा वर्षांत गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारीत, सड्यामागून सडा पायीं तुडवून, हजाराहून अधिक आकृतींची नोंद केली आहे. गोव्यांत कुशावतीच्या कांठीं उसगाळीमळ येथील चित्रें डॉ. पी. पी. शिरोडकर यांना 1993 सालीं स्थानिक लोकांनींच दाखविलीं. 2022 सालीं यांपैकीं नऊ स्थळें युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत गेलीं: कशेळी, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचें गोठणें, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गांतील कुडोपी आणि गोव्यांतील तें एक. बारसूस दोन वाघांच्या मध्यें उभा असलेला माणूस आहे. कोठें गेंडा आहे, जो आज कोंकणांत औषधालाही नाहीं. काळ निश्चित झालेला नाहीं. मध्याश्मयुगापासून, म्हणजे सुमारें 10,000 वर्षांपूर्वींपासून, ऐतिहासिक काळाच्या आरंभापर्यंत असा मोठा पल्ला धरतात. नांगर नाहीं, पीक नाहीं. म्हणून काढणारे शिकारी असावेत असा तर्क आहे. संस्कृतांतील 'लिख्' धातूचा मूळ अर्थ ओरखडणें. त्या अर्थानें हे लोक आमच्या ताम्रपटाच्या कितीतरी आधींचे लेखक ठरतात. फक्त त्यांनीं खालीं नांव आणि शक घातला नाहीं.

"आणि गेलेलीं किती?" मीं विचारलें.

"तें कोण मोजणार? चिऱ्याच्या खाणी, रस्ते, कलमांसाठीं सुरुंग लावून काढलेले खड्डे. 2023 सालीं बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यासाठीं माती तपासावयास आले आणि आंदोलन झालें, तेव्हां हीं चित्रें वर्तमानपत्रांतून घरोघर गेलीं. उक्षीच्या गांवकऱ्यांनीं मात्र आपल्या हत्तीला भिंत बांधली. ज्या गांवाला ठाऊक असतें त्या गांवांत वांचतात."

तेव्हां मीं त्याला सांगितलें. आजवर घरांत कोणाला सांगितलें नव्हतें. सांगण्यासारखें कांहीं आहे असेंच वाटलें नव्हतें.

आमच्या गांवच्या सड्यावर मासा होता. त्याला 'पांडवांचा मासा' म्हणत. आम्ही तीन पोरें गुरांमागें जात असूं. दोघे कुणबी वाडींतले आणि तिसरा मी. त्या माशावर आम्ही डोक्याला पाय लावून निजत असूं. तिघे निजलों तरी शेपटीचें टोंक उरत असे. वैशाखांत करवंदें पिकलीं कीं पहिली मूठ त्याच्या तोंडांत ठेवावयाची, म्हणजे पाऊस वेळेवर येतो. पुढें मी शाळेंत लागलों. 1988 सालीं धाकट्या बंधूंच्या लग्नापूर्वीं आम्हीं पडवी बांधावयास काढली. त्याच सुमारास सड्यावर चिऱ्याची खाण निघत होती. खाणवाला आमच्या ओटीवर येऊन बसला. मी गांवचा मास्तर, शिकलेला, म्हणून त्यानें मला विचारलें, "मास्तर, तिथें कातळावर कांहीं आहे म्हणतात, देवाचें वगैरे तर नाहीं ना?" मीं म्हटलें, "छे! पोरांनीं ओढलेल्या रेघा आहेत."

त्या खाणीचा चिरा आमच्या पडवीला आहे. माझ्या पुतण्याचा जन्म त्या पडवीलगतच्या खोलींत झाला.

तो पुष्कळ वेळ कांहीं बोलला नाहीं. घर जवळ आलें तेव्हां त्यानें विचारलें, "काका, एखादें छायाचित्र?" नव्हतें. आमच्या घरांत त्या वेळीं कॅमेरा नव्हता, आणि असता तरी मीं रेघांवर फिल्म खर्च केली नसती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही सड्यावर गेलों. खाण केव्हांच बंद पडली आहे. तिच्यांत पाणी सांचून हिरवें तळें झालें आहे, आणि गुरें तेथें पाण्यावर येतात. वरचा कातळ टणक आणि ओबडधोबड, तो घराच्या कामाचा नाहीं. खाणवाल्यानें तो फोडून बाजूस टाकला होता. म्हणजे मासा आमच्या भिंतींत देखील आलेला नाहीं. त्या ढिगावर करवंदीच्या जाळ्या माजल्या आहेत. दुपारपर्यंत आम्ही तो ढीग चाळला. एका फुटक्या लादीवर वीतभर खोबण सांपडली. पुतण्यानें चादर पांघरून अंधार केला, गोट्या मांडल्या, मीं दिवा धरला. पडद्यावर पाहून तो म्हणाला, "सांगतां येत नाहीं. कदाचित् टिकावाचा घाव असेल." नोंदींत त्यानें 'संशयित' असें लिहिलें. मला तो शब्द खोडून दुसरा लिहावासा वाटत होता. पण तें त्याचें काम आहे आणि तो तें बरोबर करतो.

घरीं आल्यावर तो म्हणाला, "तुम्ही आठवून काढा. 'स्मृतीवरून, 1988 पूर्वीं पाहिलेलें' असें खालीं लिहूं." मीं वही घेतली. डोळे मिटले कीं मासा दिसे, पेन्सिल टेकली कीं जाई. शेपटी मला येत होती. तोंड काढवेना, वर होतें कीं पुढें होतें, डोळा गोल होता कीं नुसता खळगा, कांहीं केल्या ठरेना. शेवटीं वाडींतल्या जुन्या सोबत्याला बोलावणें धाडलें. तो संध्याकाळीं काठी टेकीत आला. हकीकत ऐकून घेऊन म्हणाला, "मास्तर, तुमी शेपटीकडं निजत होतात, मी मुंडक्याकडं. मला डोळा ठाव हाय. शेपटीचं तुमी बघा."

मीं खिशांतून खडू काढला आणि पुतण्याकडे पाहिलें. "आतां चालेल," तो म्हणाला. सारवलेल्या अंगणांत सोबत्यानें बसल्या बसल्या तोंड आणि डोळा काढला. अंतर पावलांनीं मोजून मीं शेपटी काढली. तिचें टोंक तुळशीवृंदावनापर्यंत गेलें. घरांतलीं सारीं माणसें ओटीवर येऊन उभीं राहिलीं. पुतण्यानें माडीच्या खिडकींतून छायाचित्रें घेतलीं आणि कोणती रेषा कोणीं काढली हें लिहून ठेविलें.

मध्यें जो निजत असे तो आमचा तिसरा सोबती हल्लीं मुलाकडे डोंबिवलीस असतो. त्याला त्याच रात्रीं फोन केला. शिमग्याला गांवीं येतों म्हणाला. तोंपर्यंत माशाचें पोट कोरें ठेविलें आहे.